कुवेतच्या तेलशुद्धीकरणातील तपासणी : मुदतीकडून जोखमीकडे

बुरगान क्षेत्रात १९३८ साली तेल सापडले, १९४६ साली कच्च्या तेलाची निर्यात सुरू झाली आणि १९४९ साली मीना अल अहमदी येथे एक छोटा शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. पुढे १९५८ साली मीना अब्दुल्ला आणि १९६८ साली शुऐबा येथील कारखान्यांची त्यात भर पडली. या वाटचालीत उत्पादनाचे आकडे सर्वत्र नोंदले जातात. परंतु नळवाहिन्या, दाबपात्रे आणि झडपा यांची निगा कशी राखली गेली, हा इतिहासही तितकाच महत्त्वाचा आहे, कारण कारखान्यात राबणाऱ्यांचे प्राण त्यावर अवलंबून असतात.

कुवेतच्या कच्च्या तेलात गंधकाचे प्रमाण बरेच असल्याने पोलाद आतून झिजत जाते, तर समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने ते बाहेरून गंजते. यावरची जुनी रीत मुदतबंद तपासणीची होती. आखातात काम केलेल्या मराठी फिटर-वेल्डरांना परिचित असलेल्या ‘शटडाउन’च्या काळात संयंत्र थांबवून पात्रे उघडली जात; शिवाय नळाच्या पृष्ठभागावर जेल लावून त्यावर श्राव्यातीत ध्वनीचा शोधक टेकवला जाई आणि प्रतिध्वनी परतण्यास लागणाऱ्या वेळेवरून भिंतीची जाडी काढली जाई. भिंत ९ मिलिमीटर, सुरक्षित किमान जाडी ५ मिलिमीटर आणि वार्षिक झीज पाव मिलिमीटर असेल, तर उरलेले आयुष्य १६ वर्षे ठरते आणि प्रचलित नियमानुसार त्याच्या निम्म्या काळात, म्हणजे ८ वर्षांच्या आत, पुढील तपासणी करावी लागते.

या हिशेबात झीज मोजली जाते, पण नळ फुटल्यास काय ओढवेल हे मोजले जात नाही. २५ जून २००० रोजी मीना अल अहमदी येथे वायुद्रव संयंत्र आणि शुद्धीकरण कारखाना यांना जोडणाऱ्या कंडेन्सेटच्या, म्हणजे नैसर्गिक वायूतून वेगळ्या होणाऱ्या हलक्या ज्वलनशील द्रवाच्या, वाहिनीला गळती लागली आणि ती वाहिनी बंद करून वेगळी काढण्याचा प्रयत्न चालू असतानाच स्फोट झाला. त्यात पाच जण मृत्युमुखी पडले, सुमारे पन्नास जखमी झाले आणि प्रारंभिक तपासाचा रोख वाहिनीच्या तपासणी-देखभालीतील उणिवेकडे वळला.

याच सुमारास अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने जोखीमाधारित तपासणीची पद्धत शब्दबद्ध केली आणि २००२ साली तिची शिफारसवजा संहिता प्रसिद्ध झाली. बिघाडाची शक्यता आणि त्याचे परिणाम यांच्या गुणाकाराला येथे जोखीम म्हणतात. एकूण जोखमीचा मोठा वाटा थोड्याच उपकरणांत साठलेला असतो, म्हणून तपासणीचा भर तेथे दिला जातो.

मात्र ज्या नळाची नोंदच यादीत नाही, त्याला कोणतीही पद्धत जोखमीचा क्रम देऊ शकत नाही. म्हणून दोन संयंत्रांच्या मधल्या वाहिनीसह प्रत्येक नळाची नोंद, त्याची प्रत्यक्ष मोजलेली जाडी आणि त्याची जबाबदारी असलेली व्यक्ती निश्चित करणे, हेच जोखीमाधारित तपासणीचे पहिले आणि टाळता न येणारे कर्तव्य आहे.