बाहुलीचे घरकुल

विराटपर्वातील एक प्रसंग कीर्तनातून आपण अनेकदा ऐकलेला आहे. कौरवांनी विराटाच्या गाई वळवून नेल्या, बृहन्नडेस सारथी करून राजपुत्र उत्तर युद्धास निघाला, आणि त्या धांदलीत राजकन्या उत्तरा व तिच्या सख्या यांनी बृहन्नडेजवळ मागणे मागितले ते कोणते? कौरवांना जिंकून परत येताना आमच्या बाहुल्यांसाठी त्यांची तलम, रंगीबेरंगी वस्त्रे घेऊन ये! अर्जुन हे मागणे विसरला नाही. संमोहनास्त्राने कौरववीर मूर्च्छित झाले, तेव्हा द्रोण व कृप यांची शुभ्र, कर्णाचे पिवळे आणि अश्वत्थामा व दुर्योधन यांची निळी वस्त्रे त्याने उत्तराकडून काढून आणविली आणि नगरात परतल्यावर ती उत्तरेच्या स्वाधीन केली. शस्त्रास्त्रांच्या त्या खणखणाटात महाभारतकारांनी बाहुल्यांच्या लुगड्यांचीही आठवण ठेवली, याचे आम्हांस नेहमी नवल वाटत आले आहे.

बाहुलीला वस्त्र आले की घर आलेच. वात्स्यायनाने लहान मुलीच्या संगतीत खेळावयाचे जे खेळ सांगितले आहेत, त्यांत फुले वेचणे, माळा गुंफणे, ‘गृहक’ म्हणजे लहानसे घर करणे, ‘दुहितृका’ म्हणजे बाहुली घेऊन खेळणे आणि खाण्यापिण्याचे पदार्थ तयार करणे हे एकापाठोपाठ येतात. ‘दुहितृका’ या शब्दाचा मूळ अर्थ चिमुकली कन्या. मराठीतील ठकी काय, कोंकणीतील बावली काय, ही त्या दुहितृकेचीच भावंडे होत. आणि आपल्या भातुकलीचा अवघा संसार त्या प्राचीन ग्रंथात असा दोन-चार शब्दांत आधीच मांडून ठेवलेला आहे.

या संसाराचे घर मात्र आपल्याकडे बहुधा भिंतींवाचून असे. ओसरीचा एक कोपरा, त्यात खडूने किंवा रांगोळीने ओढलेली चौकट, हीच त्याची हद्द. ही रेघ स्वयंपाकघराची, ही माजघराची, आणि ही ओलांडताना चपला बाहेर काढावयाच्या, हा नियम मोठ्यांनाही पाळावा लागे. क्वचित एखादे वडील लाकडी खोक्याला मधोमध फळी ठोकून दुमजली घर करून देत. आजी त्याची जमीन शेणामातीने सारवून देई आणि दारावर बोटभर तोरण बांधी. काड्यांच्या रिकाम्या पेट्या एकीवर एक चिकटविल्या की खणांचे कपाट होई. गोव्यात आणि कोंकणात करवंटीचे रांजण, चुडताचे छप्पर आणि हिरांच्या जाळीची खिडकी. घाटावर काळ्या मातीची चूल, वैल आणि उतरंड. ठकी लाकडाची नसेल तर जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची. तिच्या पदराला आईच्या खणाचा तुकडा लागला, की ती बाहुली त्या घराण्यातली झाली.

विकत मिळणारे सामानही होते. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी पांगाऱ्यासारखे हलके लाकूड कातून रंगविलेली फळे, पोळपाट-लाटणी आणि चिमुकली भांडी, तसेच बेळगाव जिल्ह्यातील गोकाकची रंगीत खेळणी दूरवर जात. तांबटाच्या दुकानी पितळेची भातुकलीही मिळे. तरीही ते सामान मांडावयाचे कोठे हे ठरविणारे घर घरच्याच हातांचे असे, आणि स्वयंपाकही खरा असे: चुरमुरे, दाण्यांचे कूट, गुळाचा खडा. आधी बाहुलीला नैवेद्य, मग सख्यांना प्रसाद.

नैवेद्य हा शब्द आम्ही सहज वापरला नाही. जुन्या घरात लहान आकाराची घरे दोन असत: एक देव्हारा आणि दुसरे हे घरकुल. देव्हाऱ्यात वीतभर गादी, बोटभर पाट, पळी, ताम्हन, निरांजन. सकाळी देवाला उठवावयाचे, न्हाऊ घालावयाचे, जेवू घालावयाचे. हे रोज पाहणाऱ्या मुलीने बाहुलीची तशीच सेवा मांडली, तर त्यात नवल ते काय? लहान वस्तूशीही मोठ्या आदराने वागावे, हे तिला कोणी पाठ करून घेतलेले नव्हते.

युरोपातील बाहुलीघरांचा इतिहास निराळ्या वाटेने गेला. 1558 साली बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट याने करविलेले बाहुलीघर त्याच्या मौल्यवान वस्तूंच्या संग्रहात जाऊन बसले. नवी दिल्लीची आखणी करणारे वास्तुशास्त्रज्ञ लट्यन्स यांनी राणी मेरीसाठी आखलेले घर 1924 साली वेंब्लीच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. एका फुटास एक इंच या प्रमाणात बांधलेल्या त्या घरात विजेचे दिवे आणि नळाचे वाहते पाणी आहे. ते आज विंझरच्या राजवाड्यात जपून ठेवलेले आहे. जपले गेले, म्हणूनच त्यांचा इतिहास लिहिता आला. आपली घरकुले संध्याकाळी केरसुणीने झाडली गेली, म्हणून आपल्यापाशी त्यांचे शब्द तेवढे उरले.

परंतु या गोड आठवणीत एक सल आहे, आणि तो लपविणे इतिहासास शोभणार नाही. ज्या उत्तरेने बाहुल्यांसाठी वस्त्रे मागितली, तिचा विवाह त्याच पर्वाच्या अखेरीस अभिमन्यूशी झाला, आणि पुढच्या युद्धात तिचे कुंकू पुसले गेले. आमच्या पणज्यांच्या पिढीत भातुकली मोडून खऱ्या चुलीपुढे बसण्यास आठ-नऊ वर्षे पुरेशी मानली जात. सासरच्या गाडीत ठकी बरोबर नेणाऱ्या मुली होत्या. खेळ संपला आणि संसार सुरू झाला, यांच्यामध्ये बालपणाला जागाच उरत नसे. त्या जागेसाठी कायदे करावे लागले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1904 साली बालविवाह प्रतिबंधक कायदा केला आणि 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. ब्रिटिश हिंदुस्थानात 1929 चा शारदा कायदा 1 एप्रिल 1930 पासून लागू झाला आणि मुलीचे विवाहाचे किमान वय 14 ठरले. 1978 साली ते 18 झाले. घरकुलाच्या इतिहासात या सनांनाही स्थान आहे, कारण त्यांनी खेळणाऱ्या हातांना आणखी काही वर्षे मिळवून दिली.

मग भातुकली ही केवळ चुलीची तालीम होती म्हणून ती टाकून द्यावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. टाकावयाची ती घाई आणि ती सक्ती. घरकुल राहू द्यावे, आणि त्यात मुलग्यांनाही बसवावे. पाटा-वरवंट्याशेजारी पुस्तकांचे कपाटही ठेवावे. बाजारात आज प्लॅस्टिकची तयार घरे मिळतात, आणि मुलांना ती आवडतातही. तथापि, येत्या सुट्टीत वडीलधाऱ्यांनी एक रिकामे खोके, चार चिंध्या आणि एक करवंटी घेऊन मुलांजवळ बसावे. रेघ मुलांनाच ओढू द्यावी, आणि ती ओलांडताना चपला बाहेर काढाव्यात.