जकातनाक्यावर भाषा कोणाची?

श्रोतेहो, सरहद्दीच्या जकातनाक्यावर दोन माणसे समोरासमोर येतात. एकाच्या हाती शिक्का, दुसऱ्याच्या हाती बोचके. दोघांची भाषा निराळी असली तर आपली कोणी सोडायची? बोचकेवाल्याने, असा जगाचा रिवाज. तो कॅनडाने कसा बदलला, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

१८६७ च्या घटनेने तेथे इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांना मध्यवर्ती संसदेत आणि न्यायालयांत जागा दिली. कचेरीच्या खिडकीविषयी मात्र तीत अवाक्षर नव्हते. त्या काळी क्वेबेकमधील लाखो फ्रेंचभाषी माणसे अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत पोट भरावयास गेली. त्यांतला कामगार गावी परतला, तर स्वदेशाच्या नाक्यावर फ्रेंच ऐकून घ्या, असे म्हणण्यास त्याला कायद्याचा आधार नव्हता. १९२७ साली टपालाची तिकिटे द्विभाषिक झाली, १९३७ साली नोटा झाल्या. कागद दोन भाषा बोलू लागला. कागदामागच्या अंमलदारावर तसे बंधन आले नाही.

ते आले १९६९ च्या राजभाषा कायद्याने. १९८२ च्या सनदेने त्याला घटनेचे बळ दिले. जेथे पुरेशी मागणी असेल, तेथे भाषेची निवड नागरिकाची! १९८८ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. नागरिकाने मागण्याची वाट न पाहता, सेवा दोन्ही भाषांत मिळेल हे कचेरीनेच आधी सांगावे. म्हणून तेथील अंमलदार प्रथम दोन्ही भाषांत नमस्कार करतो आणि उत्तर ज्या भाषेत येईल ती धरतो.

आमचे संघटनेतील सोबती विचारतील, मग त्या अंमलदाराचे काय? तोही कामगारच ना? रास्त प्रश्न आहे. पण कायद्याने हा भार एकेका माणसावर घातला नाही, कचेरीवर घातला. ठराविक जागाच द्विभाषिक ठरल्या, आणि १९७७ पासून अशा जागांवरील पात्र नोकरांना वर्षाला ८०० डॉलर भत्ता सुरू झाला. जादा कसब मागाल तर जादा दाम मोजा, हे तत्त्व कोणत्याही कामगाराला पटेल. रक्कम पुरेशी की अपुरी, हा वाटाघाटीचा विषय.

दोन्ही भाषा जाणणाऱ्या प्रवाशाने रांग लवकर सरावी म्हणून अंमलदाराची भाषा बोलावी, यात कमीपणा मुळीच नाही. मात्र ही सवलत त्याने आपखुशीने द्यावी; शिक्क्याच्या धाकाने ती वसूल होऊ नये.