सोबत : यादी

२०११च्या जनगणनेची गाव निर्देशिका उघडली, की नांदेड (संकेतांक ५११) आणि लातूर (५२४) जिल्ह्यांतलं प्रत्येक गाव एकेका ओळीत सापडतं. पण ती ओळ संपता संपत नाही. शाळा, दवाखाना, नळ, बँक, बस, आठवडी बाजार. सोय गावात आहे का? नसेल तर ५ किलोमीटरच्या आत, १०च्या आत की त्यापलीकडे? असे शेकडो रकाने, आणि शीर्षकंही लांबलचक. ३०० रकाने आणि सरासरी ३० अक्षरांचं शीर्षक धरलं, तरी नुसती नावंच ९,००० अक्षरांची होतात. ही माहिती डेटाबेसात भरायची, तर आदेशात रकान्यांची नावं द्यावी लागतात; आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवरची आदेशाची ओळ ८,१९१ अक्षरांवर थांबते. ‘हे रकाने या क्रमानं भर’ एवढं सांगायलाही ती अपुरी पडते.

ही अडचण जुनी आहे. नवा प्रोग्रॅम सुरू करताना त्याला दिलेले शब्द आधी कुठेतरी उतरवून ठेवावे लागतात, आणि ती जागा मोजकी असते. १९७५च्या सहाव्या युनिक्समध्ये ती ५१२ बाइट होती, म्हणजे डिस्कचा एक ठोकळा. १९७९च्या सातव्या आवृत्तीत ५,१२० झाली. एमएस-डॉसनं १२७ अक्षरांवर भागवलं. लिनक्सवर २००७पर्यंत १२८ केबीची हद्द होती. मग ती सैल झाली, पण एकाच शब्दाला १२८ केबीची मर्यादा राहिली. स्वल्पविरामांनी जोडलेली रकान्यांची यादी संगणकाच्या लेखी एकच शब्द असते.

यातून दोन वाटा फुटल्या. पहिली तुकडे पाडण्याची. बेल लॅब्जच्या पीडब्ल्यूबी युनिक्समध्ये आलेला ‘एक्सआर्ग्ज’ लांब यादी मावेल तेवढ्या घासांत पुढे सरकवतो. हजारो फायलींना हे चालतं. रकान्यांना चालत नाही, कारण नांदेडमधल्या किनवट तालुक्यातल्या एका गावाची अर्धी ओळ आज आणि अर्धी उद्या भरली, तर ती ओळच राहत नाही.

दुसरी वाट आपल्या कचेऱ्यांना पाठ आहे : पत्र दोन ओळींचं, गावांची नावं ‘सोबतच्या यादीप्रमाणे’. डेक कंपनीच्या संगणकांवर १९७०च्या दशकातच @ लावून फायलीचं नाव देत; आतला मजकूर आदेश म्हणून वाचला जाई. डॉसच्या लिंकरनं, म्हणजे प्रोग्रॅमचे सुटे भाग जोडणाऱ्या साधनानं, हीच युक्ती उचलली. रुंद तक्त्यांसाठीच्या एचबेस डेटाबेसमध्ये माहिती भरताना रकान्यांची यादी कॉन्फिगरेशनच्या एक्सएमएल फायलीत ठेवता येते. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये माहिती भरणारी अख्खी कॉपी-आज्ञा फायलीत लिहून पीएसक्यूएल या त्याच्या आदेश-प्रोग्रॅमला फक्त त्या फायलीचं नाव सांगायचं. मात्र तिथे एका तक्त्यात १,६०० रकान्यांची वेगळी हद्द आहेच.

गरजेपोटी निघालेल्या या फायलीचा फायदा जागेपुरता नाही. एकच यादी नांदेड आणि लातूर दोघांना लागू होते. क्रम चुकला तर ताडून पाहता येतो. २०२७च्या जनगणनेत रकाने बदलले, तर दुरुस्ती यादीत करायची. आदेश तोच.