चित्ता : भारतातील लोप

चित्ता (शास्त्रीय नाव ॲसिनोनिक्स जुबॅटस) हा मार्जार कुलातील, उघड्या माळावर धावून शिकार करणारा प्राणी. तो भारतातून नाहीसा झाल्याचे सरकारने १९५२ साली जाहीर केले. स्वतंत्र भारताने पूर्णपणे गमावलेला हा एकमेव मोठा मांसभक्षक होय. काटेकोर अर्थाने हा ‘स्थानिक लोप’ आहे. जात जगातून गेलेली नाही. आफ्रिकेत काही हजार चित्ते आहेत. भारतात होती ती आशियाई उपजात मात्र एकेकाळी अरबस्तानापासून दख्खनपर्यंत पसरलेली असूनही आता इराणच्या रखरखीत प्रदेशात उरलेल्या मोजक्या प्राण्यांपुरती आहे.

‘चित्ता’ हा शब्द संस्कृत ‘चित्रक’ म्हणजे ठिपकेवाला यावरून आला. मराठीत बिबट्यालाही सर्रास चित्ता म्हणतात. विहिरीत पडलेला ‘चित्ता’ बातमीच्या फोटोत पाहावा तर हमखास बिबट्या असतो. बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांसारखी वलये असतात, चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते. इंग्रज शिकारीही चित्त्याला ‘शिकारी बिबट्या’ म्हणत. त्यामुळे जुन्या नोंदी वाचताना प्राणी कोणता हे आधी ठरवावे लागते.

चित्ता बंदुकीने संपवला, हा सर्वसाधारण समज अपुरा आहे. बंदूक शेवटी आली. त्याआधी कित्येक शतके चित्ता मारला जात नव्हता, जिवंत पकडला जात होता, आणि त्याच्या ऱ्हासाचे मूळ तिथे आहे. पाळीव चित्त्याकडून काळवीट धरवण्याचा खेळ दख्खनला फार जुना. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात त्याचे वर्णन येते. मोगलांनी त्याला दरबारी थाट दिला. अकबराच्या पदरी एका वेळी हजार चित्ते असल्याचे सांगितले जाते. आकड्यात दरबारी फुगवटा धरला तरी मागणी केवढी होती ते कळते.

ही मागणी पुरवण्याचा एकच मार्ग होता. बंदिवासात चित्ता वितच नसे. जहांगीराच्या काळात एका मादीला पिल्ले झाली, तर ती नवलाची गोष्ट म्हणून त्याच्या आत्मचरित्रात नोंदवली गेली. त्यानंतर बंदिवासातील जन्माची खात्रीशीर नोंद थेट १९५६ सालची, अमेरिकेतील फिलाडेल्फिया प्राणिसंग्रहालयातली. म्हणजे चित्तेखान्यातला प्रत्येक मेलेला चित्ता रानातून नवा आणूनच भरून काढावा लागे. त्यातही पिल्लू चालत नसे. शिकार करायला आईने शिकवलेले असावे लागते. माणसाळवणाऱ्याला ते जमत नाही. म्हणून पूर्ण वाढलेला, स्वतः शिकार करणारा, म्हणजे नेमका पैदाशीच्या वयातला प्राणी पकडला जाई. मादी फाशात सापडली की तिच्यावर अवलंबून असलेली पिल्लेही गेली. एकही गोळी न झाडता ही गळती चालू राहिली.

पकडण्याची पद्धत चित्त्याच्या सवयीवर बेतलेली होती. काही ठरावीक झाडांशी चित्ते पुनःपुन्हा येतात, खोडावर नखे ओढतात, मुतून खूण ठेवतात. पारधी अशा झाडाभोवती जनावरांच्या स्नायूंपासून वळलेले फासे मांडत. मध्य प्रांतातील जुन्या जातिवर्णनांत ‘चित्ता-पारधी’ अशी पोटशाखाच नोंदलेली आहे. पकडलेल्या चित्त्याला डोळ्यांवर टोपी घालून, दिवसरात्र माणसांच्या गलबल्यात बांधून ठेवत. पुढे त्याला बैलगाडीतून काळविटांच्या कळपाजवळ नेत, कारण गाडीला काळवीट बुजत नसे, आणि टोपी काढून सोडत. शिकार साधली की चित्तेवान लाकडी पळीतून रक्त पाजून त्याला सोडवून घेई.

महाराष्ट्रात ही परंपरा सर्वांत उशिरापर्यंत टिकली ती कोल्हापूर संस्थानात. राजर्षी शाहूंच्या शिकारीच्या आवडीबरोबर चित्तेवानांचे नाव आजही तिथे निघते. पण कोल्हापूरचा पुरावा दुसऱ्याच कारणाने मोलाचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर, भावनगर यांसारखी संस्थाने आफ्रिकेतून चित्ते विकत आणत होती. १९१८ ते १९४५ या काळात सुमारे दोनशे आले. पैसा, पारधी, चित्तेवान सगळे हाताशी असताना जनावर समुद्रापलीकडून आणावे लागते, याचा अर्थ सरळ आहे. कागदोपत्री लोप जाहीर होण्याच्या कितीतरी आधी इथला चित्ता व्यवहारातून संपला होता.

दुसरे कारण जमिनीचे. चित्त्याला झाडी नको, मोकळा गवताळ माळ आणि विरळ झुडपे हवीत. भक्ष्य म्हणून काळवीट आणि चिंकारा हवेत. ब्रिटिश अमदानीत कालवे निघाले, लागवड पसरली. महसुली दृष्टीने गवताळ माळ म्हणजे पडीक, आणि पडीक म्हणजे जिच्यातून काही निघत नाही अशी जमीन. जंगलाला निदान लाकडासाठी तरी कुंपण पडले, माळाला तेही लाभले नाही. काळविटांचे कळप बंदुकांपुढे ओसरले आणि गुरांची चराई वाढली. भक्ष्य उरले नाही तेव्हा चित्ता शेळ्यामेंढ्यांकडे वळला, आणि धनगराचा शत्रू ठरला. हिंस्र पशू मारल्याबद्दलच्या सरकारी बक्षिसांतही तो होता. वाघाच्या मानाने तो भित्रा. माणसावर हल्ला करत नाही. तरीही बक्षीस लागू होते.

१९४७ साली कोरिया संस्थानाचे (आता छत्तीसगडमध्ये) राजे रामानुजप्रतापसिंह देव यांनी रात्री मोटारीच्या उजेडात तीन चित्ते मारले. तिन्ही नर, सारख्या वयाचे, बहुधा एकाच वेताचे. एका वेताचे नर पुढेही एकत्र राहतात. म्हणून तिघे जवळजवळ उभे सापडले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ही हकिकत छापताना संपादकांनी तिच्यावर कडक शब्दांत नापसंती नोंदवली. नंतरही चित्ता दिसल्याच्या तुरळक वार्ता आल्या. पण ठोस पुरावा असलेली ही शेवटची घटना मानतात. दोष एकट्या राजावर टाकणे सोयीचे असले, तरी त्या गोळ्यांनी फक्त तारीख दिली.

१९७० च्या दशकात इराणकडून चित्ते घेण्याच्या वाटाघाटी झाल्या, त्या फळाला आल्या नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात आणले गेले. मार्च २०२३ मध्ये तिथे चार पिल्ले जन्मली. त्यांतली तीन मे महिन्यातल्या उन्हाळ्यात दगावली. हे सर्व आफ्रिकी उपजातीचे. त्यामुळे याला पुनःस्थापना म्हणावे की नवी वसाहत, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कुनोत झाडी बरीच आहे आणि भक्ष्य मुख्यतः चितळ आहे, हेही आक्षेपांपैकी एक.

चित्त्याच्या माळावरचे इतर रहिवासी त्याच वाटेवर आहेत. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-अहमदनगर भागात अभयारण्य झाले. सोलापूरजवळच्या नान्नजला आज काळविटांचे कळप सहज दिसतात. माळढोक मात्र एखादाच, तोही दिसला तर.