जुन्या घरांतील वायरिंग आणि खरेदीदाराचे दायित्व : नरखेड तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, मध्य प्रदेश व अमरावती जिल्ह्याच्या सीमेवर नरखेड तालुका वसलेला आहे. संत्रा व मोसंबीच्या बागांसाठी हा परिसर सर्वपरिचित आहे. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव यांसारख्या गावांत मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि कवेलूंचे छप्पर ही जुन्या घरांची परिचित रचना होय. असे घर विकत घेताना मालकी हक्क, चतुःसीमा, कराची थकबाकी आणि वीजबिलावरील नाव यांची काटेकोर तपासणी केली जाते. भिंतीवरून व भिंतीतून गेलेल्या तारांचे वय मात्र कोणी विचारत नाही. ते कळते ते घर ताब्यात आल्यावर, पहिली दुरुस्ती काढल्यावर. हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून त्याला ग्रामीण विद्युतीकरणाचा व कायद्याचा इतिहास आहे.

उद्दिष्टे :
१) नरखेड परिसरातील वीजपुरवठ्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी पाहणे.
२) घरगुती वायरिंगमधील स्थित्यंतरे व त्यांतून निर्माण झालेले धोके स्पष्ट करणे.
३) घराच्या खरेदी-विक्रीच्या संदर्भात कायदेशीर तरतुदींची मर्यादा तपासणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर जिल्हा मध्य प्रदेशात होता. नागपूर शहराला नागपूर इलेक्ट्रिक लाईट अँड पॉवर कंपनी ही खाजगी कंपनी वीज पुरवीत असे. १९४८ च्या विद्युत पुरवठा कायद्याने राज्य विद्युत मंडळांचा पाया घातला आणि महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. १९६५-६६ च्या दुष्काळानंतर ग्रामीण विद्युतीकरणाचा भर सिंचनपंपांवर आला. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाने त्यास अर्थपुरवठा केला. विहिरीवरील बागायत असलेल्या प्रदेशात या धोरणाचे महत्त्व उघड आहे. घरातील दिवा हा या विस्ताराचा दुय्यम लाभ होता.

याचा परिणाम घरांच्या रचनेत दिसतो. वीज येण्यापूर्वी बांधलेल्या घरात वायरिंग मागाहून बसवावे लागे. मातीच्या भिंतीत खाच पाडून नळी बसवणे कठीण; म्हणून भिंतीवर व आढ्याच्या लाकडावर सागवानी पट्ट्या ठोकून त्यांवर तारा नेल्या जात.

वायरिंगच्या पिढ्या :
पहिल्या पिढीत तांब्याच्या तारेवर रबराचे आवरण व त्यावर सुती वेष्टन असे. ही तार लाकडी केसिंग-कॅपिंगमधून नेली जाई. पुढे जाड रबरी आवरणाची तार सागवानी बॅटनवर क्लिपांनी बसवण्याची पद्धत रूढ झाली. त्यानंतर पीव्हीसी आवरण आले आणि सिमेंटच्या घरांत भिंतीत दडवलेले कन्ड्यूट वायरिंग प्रचलित झाले. तांब्याची टंचाई व परकीय चलनाचा प्रश्न यांमुळे देशात काही काळ अॅल्युमिनियमच्या तारा घरगुती वायरिंगमध्येही वापरल्या गेल्या. अमेरिकेतही १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हाच प्रयोग झाला आणि सांध्यांजवळील अतिउष्णतेमुळे तो वादग्रस्त ठरला.

जुन्या घरात या पिढ्या क्रमाने न येता एकमेकींवर रचल्या जातात. बैठकीत नवे स्विच, माजघरात बॅटन आणि माळ्यावर सुती वेष्टनाची तार, अशी स्थिती संभवते. बाहेरून रंगवलेल्या बोर्डावरून आतील तारेची कल्पना येत नाही.

धोक्याचे स्वरूप :
रबराचे आवरण उष्णतेने व काळाने कडक होऊन तडकते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या प्रदेशात छपराखालील तारांना ही झीज अधिक सोसावी लागते. शिवाय मूळ वायरिंग चार-दोन दिवे, एखादा पंखा व रेडिओ यांच्यासाठी होते. २ किलोवॅटचा एक गिझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. फ्यूज वारंवार जाऊ लागला, की किटकॅटमध्ये जाड तार गुंडाळण्याची सवय सर्वत्र आढळते. तसे केल्यास फ्यूज शाबूत राहतो आणि भिंतीतील तार तापते.

दुसरा धोका अर्थिंगच्या अभावाचा आहे. जुन्या बोर्डांवर दोन पिनांचे सॉकेट असत. विदर्भातील घराघरांत वापरला जाणारा लोखंडी पत्र्याचा कूलर, त्यातील पाणी व ओली जमीन यांचा अशा सॉकेटशी संयोग झाल्यास गळतीचा प्रवाह माणसाच्या शरीरातून जातो.

‘जुने घर’ म्हणजे केवळ वाडा असेही नव्हे. ३० जुलै १९९१ च्या वर्धा नदीच्या महापुरात मोवाड येथे दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले व गावाचे पुनर्वसन करावे लागले. त्या दशकातील घरेही आता तीस वर्षांची झाली आहेत.

कायद्याची चौकट :
इंग्लंडमध्ये १८८२ साली विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने केलेले पहिले नियम आगीचा धोका टाळण्यासाठीच होते. भारतात १९१० च्या कायद्यानंतर १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी सुरक्षेची सविस्तर चौकट दिली. नियम ४५ नुसार वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेणे आवश्यक होते, तर नियम ४६ मध्ये ग्राहकाच्या वायरिंगची पाच वर्षांच्या आत नियतकालिक तपासणी अपेक्षित होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत हे तत्त्व कायम राहिले. घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरच्या गळतीरोधक उपकरणाची तरतूदही त्यांत होती. परंतु ५ किलोवॅटखालील लहान जोडण्या तीतून वगळल्या होत्या. धोका असलेली जुनी घरे बहुधा याच वर्गात मोडतात. २०२३ मध्ये नवे विनियम लागू झाले.

प्रत्यक्षात घरगुती तपासणीचा प्रसंग प्रामुख्याने नव्या जोडणीच्या वेळी येतो. घर विकले जाताना जोडणी तीच राहते, फक्त बिलावरील नाव बदलते. वीज कंपनीची जबाबदारी मीटरपर्यंत. त्यापुढील वायरिंग घरमालकाचे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याला ज्ञात असलेला, पण सामान्य दक्षतेने खरेदीदाराच्या लक्षात न येणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तथापि, वारसाने घर मिळालेल्या विक्रेत्यालाच वायरिंगचे वय ठाऊक नसेल, तर ही तरतूद निष्प्रभ ठरते.

निष्कर्ष :
१) ग्रामीण विद्युतीकरणाने तारा घरापर्यंत पोहोचवल्या, घरातील वायरिंगच्या नूतनीकरणाची जबाबदारी मात्र व्यक्तीवर राहिली.
२) जुन्या घरातील वायरिंगचा दोष एका मालकाचा नसून अनेक पिढ्यांच्या तात्पुरत्या दुरुस्त्यांचा संचय असतो, त्याचा भार अखेरच्या खरेदीदारावर पडतो.
३) कायद्यातील नियतकालिक तपासणीचे तत्त्व घराच्या हस्तांतरणाशी जोडले गेल्यास ही उणीव भरून निघू शकेल. नाव बदलाच्या अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल घेणे हा त्याचा सोपा मार्ग आहे.
४) तोपर्यंत खरेदीपूर्वी तारांच्या आवरणाची रोधचाचणी, अर्थिंगची तपासणी व गळतीरोधक उपकरण या तीन गोष्टी खरेदीखताइतक्याच आवश्यक मानल्या पाहिजेत.