तळटीप : ‘ड्रेडनॉट’

१. ड्रेडनॉट : लेखकाने हा शब्द इथे एका जहाजासाठी नव्हे, तर युद्धनौकांच्या एका जातीसाठी योजला आहे. मूळ ‘ड्रेडनॉट’ ही ब्रिटिश आरमाराची युद्धनौका; नावाचा अर्थ ‘निर्भय’. अ‍ॅडमिरल जॉन फिशर यांच्या आग्रहाने ती पोर्ट्समथच्या गोदीत बांधली गेली आणि १० फेब्रुवारी १९०६ रोजी पाण्यात उतरली. तोवरच्या मोठ्या युद्धनौकांवर सहसा चार अवजड तोफा आणि बाकी लहानमोठ्या तोफांची सरमिसळ असे. लांबून मारा करताना पाण्यात उसळलेला कोणता फवारा कोणत्या तोफेच्या गोळ्याचा, हे ओळखणे अवघड जाई आणि नेम सुधारता येत नसे. ड्रेडनॉटवर १२ इंची, एकाच मापाच्या दहा अवजड तोफा होत्या. शिवाय वाफेच्या टर्बाइनमुळे ती ताशी २१ सागरी मैल धावे. तिच्यापुढे जुन्या साऱ्या युद्धनौका, खुद्द ब्रिटनच्यासुद्धा, कालबाह्य ठरल्या आणि जर्मनीला स्पर्धेत नव्याने उतरण्याची वाट मोकळी झाली. गंमत अशी की, शत्रूच्या युद्धनौकेवर तिच्या मोठ्या तोफा कधीच डागल्या गेल्या नाहीत. १९१६च्या जटलंडच्या लढाईवेळी ती दुरुस्तीसाठी गोदीत होती. तिची ठळक कामगिरी १८ मार्च १९१५ची : ‘यू-२९’ ही जर्मन पाणबुडी तिने धडक देऊन बुडवली. पुढील प्रकरणात हे नाव अवतरणचिन्हांत येईल तेथे हीच नौका समजावी. – संपा.