पाण्याच्या पृष्ठभागावरून सुरू झालेला छंद

घरगुती मत्स्यालयाचा इतिहास सांगताना आपण नेहमी लंडनपासून सुरुवात करतो. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि काही गोगलगाई एकाच काचपात्रात ठेवून त्यांचा मेळ बसतो हे दाखवलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि दिवाणखान्यात काचेची टाकी ठेवायची लाटच आली.

पण या टाक्यांत काय होतं? गोल्डफिश, नाहीतर इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे समुद्री जीव. म्हणजे सगळे थंड पाण्यातले. मग उष्ण प्रदेशातला मासा युरोपच्या घरात आला कसा, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

अडचण साधी होती. पाणी जितकं कोमट, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. विजेचा पंप नाही, हीटर नाही. बोटीचा लांबचा प्रवास, तोही भांड्यातल्या साचलेल्या पाण्यात. बहुतेक मासे यात टिकणं कठीणच.

इथे पॅरिसचे प्येर कार्बोनिए आपल्या गोष्टीत येतात. १८६९ च्या सुमारास त्यांच्याकडे चीनमधून पॅराडाइज फिश पोहोचले. या माशाला लिनियसने १७५८ मध्येच नाव दिलं होतं. तो जगतो कसा, हे मात्र युरोपला आता काचेतून दिसू लागलं. नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं करतो, अंडी तोंडात धरून त्यात नेऊन ठेवतो आणि पहारा देतो. कार्बोनिएंच्या टाकीत या माशांची पिल्लंही वाढली.

हाच मासा का टिकला? त्याच्या कल्ल्यांच्या वर घड्या-घड्यांचा एक अवयव असतो. मासा पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो, आणि त्या अवयवातून प्राणवायू रक्तात जातो. भातखाचरं, चर, डबकी अशा कोंदट पाण्यात राहणाऱ्याला हे लागतंच. शिवाय तो बऱ्यापैकी थंडीही सोसतो, म्हणून पॅरिसची खोलीही त्याला चालली. भारतात फ्रान्सिस डे यांनी त्याच काळात अशा हवा घेणाऱ्या माशांवर प्रयोग केले. त्यांना वर येऊ दिलं नाही, तर पाण्यात असूनही ते गुदमरतात.

आमचं म्हणणं असं की उष्ण प्रदेशातल्या माशांच्या छंदाचं श्रेय एकट्या काचेला आणि रसायनशास्त्राला देऊन भागत नाही. आशियातल्या साचलेल्या पाण्याने माशाला जे शिकवलं होतं, त्यावर हा छंद उभा राहिला. साधनं नंतर आली.

पृष्ठभागाचा उपयोग करण्याच्या तऱ्हाही अनेक आहेत, बरं का. आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत सोडतात ते गप्पी मासे घ्या. त्यांच्याकडे हा जादा अवयव नाही. पण तोंड वरच्या बाजूला वळलेलं, त्यामुळे पृष्ठभागावरचं खाद्य सहज टिपता येतं. आणि पाण्यातला प्राणवायू घटला की हवेला लागून असलेलं वरचं पातळ पाणी ते कल्ल्यांतून घेतात.

हा इतिहास आजही टाकीत मासे मारतो किंवा वाचवतो. टाकी काठोकाठ भरून वर काच घट्ट बसवली, की गोरामी किंवा फायटरसारख्या माशाची श्वासाची वाट बंद होते. फिल्टर कितीही चांगला असला तरी त्याला हवेचा घोट हवाच. झाकण जरूर ठेवावं. वरची हवा उबदार राहते आणि मासे उडी मारून बाहेर पडत नाहीत. मात्र पाणी आणि झाकण यांमध्ये दोन-तीन बोटं जागा सोडावी आणि हवेला फट ठेवावी. तरंगत्या वनस्पतींनी सगळा पृष्ठभाग झाकू देऊ नये.

दीडशे वर्षांपूर्वी ज्या मोकळ्या जागेने हे मासे घरापर्यंत पोहोचवले, ती आज आपण चुकून बुजवू नये, इतकंच.